चप्पल घाल

"चप्पल घाल," एवढंच म्हणून रेक्टरबाई दारात उभ्या राहायच्या. कुठं जायचं, कशाला जायचं, परत कधी यायचं, यातलं काही सांगायच्या नाहीत. आत या म्हटलं तर यायच्या नाहीत, बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. आणि सकाळपासून आईच्या हाकांना कूसही न बदलणारी त्या घरातली पोरगी उठून कॉटखाली चप्पल शोधायला लागायची.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. गल्लीत त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, आणि एक दिवस दिसल्या नाहीत तर सगळेच विचारतात, "आज कुठं गेल्या?" आमच्या मुरूम गावच्या गल्लीतल्या रेक्टरबाई त्यातल्याच. साठी ओलांडलेली, अंगानं वाळलेली, पण चाल अशी की बरोबरीनं चालणाऱ्याला धाप लागावी. फिकी सुती साडी, ती पिंढरीपर्यंत वर खोचलेली. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्यावर पिशवी, त्यात पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि एक जाड दोरी.

"दोरी कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"लागती," त्या म्हणाल्या. विषय संपला.

त्यांची सगळी नोकरी मुलींच्या एका वसतिगृहात गेली. खेड्यापाड्यातल्या पोरी तिथं राहून शिकायच्या आणि त्यांना सांभाळायचं काम रेक्टरबाईंचं. सांभाळायचं म्हणजे मुख्यतः कोंडायचं, असं त्या स्वतःच सांगायच्या. संध्याकाळी सहाला फाटकाला कुलूप, किल्ली कमरेला. नवरा गेला, मुलगा पुण्यात स्थिरावला, आणि निवृत्त झाल्यावर त्या आमच्या गल्लीत माहेरच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या.

"पोरी गजाला नाक लावून रस्ता बघायच्या," त्या सांगायच्या. "म्या म्हणायचे, अभ्यास करा, रस्त्यावर काय असतंय? आता म्या रोज रस्त्यावर असते. लई काय काय असतंय!"

हे सांगताना त्यांना वाईट वाटत असेल असं मला आधी वाटायचं. पण त्यांचा आवाज दुःखाचा नव्हता. भांडणाला निघालेल्या माणसाचा होता.

माझं सांगायचं तर मी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. नवरा हैदराबादच्या रस्त्याला टँकर चालवतो, महिन्यातून कधीतरी घरी येतो. एकच मुलगी, साक्षी. त्या वर्षी तिची नववीची परीक्षा संपली आणि घरात एकच वाक्य सुरू झालं, "मम्मी, कंटाळा आलाय." सकाळी कूलरसमोर पडायची ती दुपारी कड बदलायची. हातात मोबाइल. तोही बघून बघून वीट आला की छातीवर ठेवून छताकडं बघत राहायची. जेवायला बोलावलं तरी कंटाळा, देवळात चल म्हटलं तरी कंटाळा.

मी तिच्यासाठी शोधलं नाही असं नाही. कॉम्प्युटरचा क्लास तिनं आदल्या वर्षीच केला होता. मेंदीचा क्लास होता, पार्लरचा होता. "मला कुणाच्या भुवया कोरायच्या नाहीत," ती म्हणाली. सोलापुरात सुट्टीतली शिबिरं असतात असं ऐकलं, पण रोज कोण ने-आण करणार? तिच्या वयाच्या पोरांना ग्राउंड होतं, तळं होतं, विहिरी होत्या, स्टँड होता, टपरी होती. पोरींसाठी काय आहे म्हणून मी मनातल्या मनात गाव फिरून आले, आणि पुन्हा आमच्याच दारात येऊन थांबले.

माझे थोरले दीर, भावजी, दोन गल्ल्या पलीकडं राहतात. शेती अजून एकत्रच. ते एका दुपारी आले तेव्हा साक्षी मोबाइलमध्ये काहीतरी बघून खुदकन हसली. भावजींनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साक्षीच्या आई, पोरगी रिकामी बसती."

"सुट्टी आहे ना भावजी."

"रिकामं डोकं बरं न्हाय. नळदुर्गकडचं एक स्थळ हाय. चांगली माणसं हायत, जमीन हाय. धाकट्याशी बोलतो म्या."

पोरगी पंधराची.

रेक्टरबाई आमच्याकडं आल्या त्या ब्लाउजचं माप द्यायला. मी टेप लावत होते आणि त्या माझ्या खांद्यावरून साक्षीकडं बघत होत्या.

"काय करतीस गं?"

"काही नाही."

"कंटाळा आलाय?"

साक्षीनं मान हलवली. आता ही बाई अभ्यासावर भाषण देणार, असा चेहरा केला.

"चांगलं हाय की," रेक्टरबाई म्हणाल्या. "कंटाळा आला म्हणजे डोकं जागं हाय. कोंबडीला येत न्हाय कंटाळा. चप्पल घाल."

माप अर्धवट राहिलं. दोघी गेल्या. दिवेलागणीला साक्षी परत आली ती धुळीनं माखून, गालावर उन्हाची लाली घेऊन. आल्या आल्या तिनं ओढणी माझ्या हातावर टाकली, ओढणीखाली माझी बोटं धरली आणि दाबली. "सांग, किती झाले?"

त्या तिला जनावरांच्या बाजारात घेऊन गेल्या होत्या. तिथं व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, हे मलाही माहीत नव्हतं, आणि माझा जन्म इथलाच. रेक्टरबाईंनी एका व्यापाऱ्याला शेळीचा भाव विचारला. त्यानं सवयीनं रुमाल पुढं केला, आणि समोर बाई आहे हे लक्षात येताच हात मागं घेतला.

"का? काय झालं?" या म्हणाल्या. "हात धरायचा न्हाय तर मला भाव कसा कळणार?"

बाजार गोळा झाला. व्यापारी लाजून तोंडानं भाव सांगायला लागला. "तोंडानं नको," बाई अडून बसल्या, "सगळ्यास्नी करता तसं करा." शेवटी त्या बिचाऱ्यानं डोळे दुसरीकडं करून रुमालाखाली बोट धरलं. भाव जमला नाही. शेळी घ्यायचीच नव्हती. पण साक्षी त्या रात्री जेवताना तीनदा हसली, आणि मोबाइल कुठं आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं.

एकीच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ. कुणाला आईनं पाठवलं, कुणी आईला न विचारता आली. रेक्टरबाई त्यांना रोज कुठंतरी न्यायच्या, आणि ते कुठंतरी आमच्या गावातच निघायचं. एक दिवस चिंचा फोडणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. एक दिवस वीटभट्टीवर. एक दिवस तर नुसत्या हायवेच्या फाट्यावर बसून येणाऱ्या ट्रकांवरच्या पाट्या वाचल्या, कुठल्या राज्याची गाडी आणि आत काय असेल यावर पैजा लावल्या. साक्षीनं त्यात आपल्या बापाच्या टँकरसारखा टँकर पाहिला आणि जोरजोरात हात केला. तो ड्रायव्हर कोण कुठला, पण त्यानं हॉर्न वाजवला.

नळदुर्गचा किल्ला बघायला एसटीनं गेल्या. इथून एवढ्या जवळ, पण त्या नऊ जणींपैकी एकीनंही तो पाहिला नव्हता. भाऊ जाऊन आले होते, बाप जाऊन आले होते. उंच बुरुजावर चढताना दोघी घाबरल्या, तर रेक्टरबाई खाली पायरीवर बसून म्हणाल्या, "बसा मंग माझ्यापाशी. पण वरनं काय दिसतंय ते त्या सांगतील, तुमी ऐका. जन्मभर ऐकायचंच का, ते ठरवा." दोघी चढल्या.

येताना ढाब्यावर थांबल्या. ट्रकवाल्यांची गर्दी. वाढणारा माणूस धावत आला. "मावशी, फॅमिली पडद्यामागं."

"आमी पडद्यामागंच बसायचं असतं तर घरी काय वाईट होतं?" रेक्टरबाई म्हणाल्या आणि मधल्याच टेबलावर बसल्या. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा सरदारजी ड्रायव्हर उठला, आपलं ताट उचलून दुसरीकडं गेला आणि पोरींसाठी बाक मोकळा करून दिला. पोरींनी चवळीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ती चटणी कशी झणझणीत होती, हे साक्षी मला आठ दिवस सांगत होती. मी रोज तीच चटणी करते, हे मी तिला सांगितलं नाही.

विहिरीचं साक्षीनंच काढलं. "पोरं रोज विहिरीत पोहतात. आम्ही का नाही?"

आमच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. निम्मी आमची, निम्मी भावजींची. वर तळं असल्यानं उन्हाळ्यातही तिला पुरुषभर पाणी. रेक्टरबाईंनी माझी परवानगी मागितली. एवढ्या दिवसांत त्यांनी मला काही विचारलं ते हे एकच. मी हो म्हटलं, पण जीव राहिना म्हणून बरोबर गेले.

पोरी काठावर थांबल्या. रेक्टरबाई एकट्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या, बूट काढले आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. बराच वेळ बसल्या. मला वाटलं, घाबरल्या.

"चौथीत होते तवा पवत होते," त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या. "भाऊ आन् म्या. त्याच्यापेक्षा म्या जास्त दम धरायचे. मंग म्या शहाणी झाले आन् आईनं सांगितलं, आता हीर बंद. भाऊ म्हातारा होईस्तोवर उड्या मारायचा तिथंच. म्या काठावर धुणं धुवायचे."

एवढं बोलून त्यांनी साडीचा काष्टा घातला आणि सरळ पाण्यात शिरल्या. त्या दिसेनाशा झाल्या तशा आम्ही सगळ्या ओरडलो. मग विहिरीच्या मधोमध त्यांचं डोकं वर आलं, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं. त्या हसत होत्या. आवाज विहिरीत घुमत होता.

"इसरले न्हाय गं!" त्या ओरडल्या. "एवढी वर्षं झाली, इसरले न्हाय!"

मग रोज तेच. पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा, कमरेला ती पिशवीतली दोरी, दोरीचं टोक मी किंवा दुसरी कुणी आई काठावर धरून बसायची. मी पाण्यात उतरत नव्हते. रेक्टरबाई खालून म्हणायच्या, "ये की." मी म्हणायचे, "कुणीतरी दोरी धरायला पाहिजे ना."

आठवडाही झाला नसेल, कुणीतरी बांधाआडून मोबाइलवर काढलेलं पोरींचं पोहणं गावभर फिरलं. कपडे अंगभर होते, पण बोलणाऱ्याला तेवढं पुरलं. चार जणींचं येणं बंद झालं. त्यातल्या एकीला मार बसला. भावजींनी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या.

रेक्टरबाई चौकातल्या पानटपरीवर गेल्या. चार-पाच बाप्ये एका मोबाइलवर वाकले होते. या त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"दाखवा की मला पण. म्या कशी दिसते बघू."

मोबाइल लपवायला वेळ मिळाला नाही. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत बघितलं. "पाय नीट मारत न्हाय म्या," त्या म्हणाल्या. "उजवा मागं ऱ्हातोय." मोबाइल परत दिला. "याच वयाच्या पोरी तुमच्या घरात पण हायत. पाठवा त्यास्नी शिकायला." टपरीवाल्यानंच मला हे नंतर सांगितलं. त्या गेल्यावर ते सगळे बराच वेळ पान न खाताच उभे होते, म्हणाला.

भावजी आमच्याकडं आले ते या रागातच. रेक्टरबाई ब्लाउज न्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या.

"रविवारी पाहुणे येणार," भावजी मला म्हणाले. "घराण्याची इज्जत पाण्यात घातली तुमी. आता बघाबघी उरकून घेऊ."

"पंधराची हाय ती," रेक्टरबाई म्हणाल्या.

"साखरपुडा तर करून ठेवू. लग्नाचं पुढं बघू."

"भाऊ, एक सांगा," त्या म्हणाल्या. "पोराला कंटाळा आला की तुमी बॅट आणून देता. पोरीला कंटाळा आला की नवरा आणून देता. हे कसं काय?"

भावजींचा चेहरा लाल झाला. "तुमी बाहेरच्या. आमच्या घरात बोलायचं न्हाय."

"बाहेरचीच हाय म्या," रेक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर बाहेर नेते."

नवऱ्याला फोन केला. मागं गाड्यांचा आवाज. "दादा बघतोय ना," तो म्हणाला. "बघून तर जाऊ दे. बघण्यानं काय होतंय?" मी फोन ठेवला. बघण्यानं काय होतं ते त्याला कसं सांगणार? त्याला कधी कुणी बघायला आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी साक्षीला माझी पोपटी साडी नेसवली. पिना मीच लावल्या. ती रडली नाही, भांडली नाही. कॉटवर भिंतीला टेकून बसली, कूलरकडं बघत. सुट्टीच्या पहिल्या दिवसांत दिसायचा तोच चेहरा. पाहुण्यांना पोहे करायचे म्हणून मी विळी घेऊन कांदा चिरायला बसले.

दारात सावली पडली. रेक्टरबाई. त्यांनी साक्षीकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळल्या.

"चप्पल घाल."

मला वाटलं, साक्षीला म्हणाल्या. पण त्या माझ्याकडंच बघत होत्या. साक्षीही माझ्याकडं बघत होती. अर्धा कांदा विळीवर, अर्धा हातात. मला आठवतं, मी आधी विळी मिटली. कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. मग हात धुतले, आणि चप्पल घातली.

साक्षीनं साडी कधी सोडली आणि ड्रेस कधी घातला मला कळलं नाही. घराला कुलूप घातलं. वाटेत आणखी चार पोरी मिळाल्या, त्यांना कुणी बोलावलं होतं ते ठाऊक नाही. विहिरीवर गेल्यावर बाभळीच्या फांद्या मी माझ्या हातांनी ओढून बाजूला केल्या. काटे लागले. शिवणाची बोटं, महिनाभर सुई धरताना दुखत होती. पण त्या वेळी काही वाटलं नाही, नुसता राग येत होता, आणि राग आल्याचं बरं वाटत होतं.

"आज तू उतर," रेक्टरबाई म्हणाल्या.

साक्षीनं माझ्या पाठीला कॅन बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. दोरीचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून ती पायरीवर बसली. "मम्मी, घाबरू नको. मी धरलीय. पाय मार." पाण्यानं माझा श्वासच काढून घेतला. मी किंचाळले, बुडाले, वर आले, पाय मारले. वर आभाळाचा गोल तुकडा दिसत होता आणि काठावरून माझी पोरगी ओरडत होती, "मार! मार! येतंय तुला!"

तेवढ्यात मोटारसायकल आणि मागोमाग एक जीप बांधावर थांबली. भावजी तरातरा आले, आणि विहिरीत बाया आहेत हे दिसताच तिथल्या तिथं पाठ फिरवून उभे राहिले. धाकट्या भावाची बायको ओल्या अंगानं पाण्यात, बघणार कसं? राग तर मावत नव्हता. मग ते लिंबाच्या झाडाकडं तोंड करून ओरडायला लागले.

"लाज हाय का न्हाय? पाहुणे दारात उभे ऱ्हायले! कुलूप बघून आले!"

"भाऊ," रेक्टरबाई पाण्यातून म्हणाल्या, "झाडाला काय सांगताय? तोंड इकडं करून बोला, न्हायतर जावा."

पोरी फिदीफिदी हसल्या. भावजी वळू शकत नव्हते आणि जाऊही शकत नव्हते.

"साक्षीच्या आई! तुमी बोला!"

मी पायरी धरली होती. दातावर दात वाजत होते. "भावजी," मी म्हणाले, "विहीर निम्मी आमची आहे आणि पोरगी सगळी आमची आहे. ती शिकणार. पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा."

एवढं लांबलचक वाक्य मी भावजींसमोर त्याआधी कधी बोलले नव्हते.

"आन् पुढच्या खेपेला पाहुणे आणाल तर म्या पोलीस आणते," रेक्टरबाईंनी पुस्ती जोडली. "चहा एकदमच करू सगळ्यास्नी."

भावजी गेले. पण जीपमधून एक बाई उतरून विहिरीच्या काठावर आली होती. मुलाची आई असणार. अंगावर जरीची नवी साडी, हातात पर्स. ती खाली वाकून बघत राहिली, पाण्याकडं, पोरींकडं, पांढऱ्या केसांच्या रेक्टरबाईंकडं.

"लई गार हाय का पाणी?" तिनं हळूच विचारलं.

"या की," रेक्टरबाई म्हणाल्या.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. जीपचा हॉर्न वाजला. "नको," ती म्हणाली. "साडी नवी हाय." आणि पदर सावरत निघून गेली. त्या बाईचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिचं नावही मला माहीत नाही.

स्थळ मोडलं. भावजींनी बोलणं टाकलं. नवरा महिन्यानं आला तेव्हा दोन दिवस घुम्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी "दादाला विचारायला पाहिजे होतं," म्हणाला. "विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं," मी म्हणाले. साक्षी त्याला विहिरीवर घेऊन गेली आणि काठावर उभं करून तिनं वरच्या पायरीवरून उडी मारली. येताना तो तिची ओली ओढणी खांद्यावर टाकून चालत होता.

मार खाल्लेली पोरगी परत आली. बंद झालेल्या चौघींपैकी तिच्यासकट तिघी आल्या. चौथीचं लग्न झालं, तेही सांगायला पाहिजे. रेक्टरबाई तिच्या बापाशी भांडून आल्या, सरकारी माणसांना फोन केले, तरी गावाबाहेर नेऊन गुपचूप उरकलं. त्या दिवशी रेक्टरबाई कुणालाच बोलवायला आल्या नाहीत. मी भाकरी घेऊन गेले तर दाराशी बसल्या होत्या.

"तिला नुसतं तरंगायला येत होतं," त्या म्हणाल्या. "पवायचं ऱ्हाऊन गेलं."

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा गल्लीत त्यांचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा.

माघात त्या गेल्या. आजारी नव्हत्या. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, ओ आली नाही. मुलगा पुण्याहून आला, त्यानं सगळं रीतसर केलं. चांगला माणूस. आईनं इथं काय चालवलं होतं हे त्याला फारसं माहीत नव्हतं. तेराव्याला दारासमोर मांडव होता, आणि ओट्यावर ओळीनं पोरी बसल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "पोरींनो, घरी जावा, इथं काय काम तुमचं?" एकही उठली नाही. जेवणावळी उठल्या, मांडव सुटायला लागला, तरी बसून होत्या. मुलगा शेवटी आतून बाहेर आला आणि त्यांच्याच ओळीत खाली बसला. "आईबद्दल सांगा मला," म्हणाला.

घराला आता कुलूप आहे. गल्ली शांत असते. काहींना ती शांतता बरी वाटते, हेही खरं.

गेल्या दिवाळीआधी साक्षीच्या डोक्यात आलं, फटाके इथल्या दुकानातून कशाला, जिथं बनतात तिथं तेरखेड्याला जाऊन आणू. कारखान्यात कुणी घेणार नाही, पण दुकानं आहेत, गाव बघू. मी म्हटलं, लांब आहे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दोनदा गाडी बदलावी लागेल. "मग काय झालं?" म्हणाली. आता अकरावीत आहे ती. गल्लीतल्या सातवी-आठवीच्या पोरी गोळा केल्या, त्यांच्या आयांशी स्वतः बोलली. एका घरी नकार आला, तिथं दुसऱ्यांदा गेली.

मी स्टँडवर सोडायला गेले होते. तुळजापूरची गाडी लागली होती. पोरी खिडक्यांसाठी भांडत आत घुसल्या, पिशव्या, बाटल्या, गोंधळ. मी खाली खिडकीपाशी उभी. कंडक्टर तिकीट फाडत मागं आला, एवढ्या साऱ्या पोरी बघून थबकला. मान उंच करून त्यानं गाडीभर नजर फिरवली.

"ह्यांच्याबरोबर मोठं माणूस कोण हाय?"

मी खिडकीतून बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच साक्षी दांडा धरून उभी राहिली.

"म्या हाय की," ती म्हणाली. "तिकिटं द्या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिकिटं दिली, दोनदा घंटी मारली, आणि गाडी धूळ उडवत स्टँडच्या बाहेर पडली.